काळ्या पाण्यावरचे अनामिक : क्लेअर अँडरसन यांच्या दंडविषयक इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयात तुरुंगाला एक आगळी प्रतिष्ठा आहे. लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' मंडालेच्या बंदिवासात सिद्ध झाले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' (१९२७) या ग्रंथाने तर अंदमानचे कारागृह मराठी वाचकाच्या घरातीलच एक खोली होऊन बसले. कोलू, काथ्या, दंडाबेडी, बारी हा तुरुंगाधिकारी यांचा परिचय ज्याला नाही असा त्या पिढीतील वाचक विरळाच. या सर्व ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. त्यांचे लेखक राजकीय बंदी होते. आपण तुरुंगात का आहोत हे त्यांना स्वतःला पुरते ठाऊक होते आणि ते सांगण्यासाठी लागणारी भाषाही त्यांच्यापाशी होती. त्यांच्या शेजारच्या कोठडीत, त्याच कोलूला जुंपलेला, खून वा दरोड्याच्या आरोपावरून शिक्षा झालेला जो सामान्य कैदी होता, तो या वाङ्मयात येतो तो दुय्यम पात्र म्हणून. कधी वॉर्डर, कधी जमादार, कधी सुधारणेचा विषय म्हणून. त्याचे स्वतःचे असे कथन मात्र येत नाही.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक असलेल्या क्लेअर अँडरसन यांनी आपली सुमारे पाव शतकाची संशोधन-कारकीर्द याच शेजारच्या कोठडीतल्या माणसाला वाहिली आहे. हिंदी महासागराच्या परिसरात ब्रिटिश सत्तेने ठिकठिकाणी हलविलेले भारतीय कैदी हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय. मॉरिशसपासून सुरू झालेला हा अभ्यास अंदमान, ब्रह्मदेश, सिंगापूर असा विस्तारत गेला आणि अखेर पाच शतकांच्या जागतिक इतिहासापर्यंत जाऊन पोहोचला. या प्रवासात त्यांच्या दृष्टीने काय कमावले आणि काय गमावले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

तुरुंगाच्या आधुनिक इतिहासलेखनावर मिशेल फूको यांच्या १९७५ सालच्या ग्रंथाची छाया पडलेली आहे. शरीराला यातना देणारी जुनी शिक्षा जाऊन तिच्या जागी मनाला वळण लावणारी, सतत पाहणारी, वेळापत्रकाने बांधणारी नवी शिस्त कशी आली, हे फूको यांनी फ्रान्सच्या संदर्भात मांडले. ही मांडणी वसाहतींना लागू पडते काय, हा प्रश्न भारतीय इतिहासाच्या अभ्यासकांना पडणे अपरिहार्य होते. डेव्हिड अर्नॉल्ड यांनी 'सबाल्टर्न स्टडीज'च्या आठव्या खंडात (१९९४) प्रसिद्ध झालेल्या निबंधात वसाहतकालीन भारतीय तुरुंग हा सर्वदर्शी शिस्तीचा नमुना नव्हता हे दाखवून दिले. जात, अन्न, धर्म यांबाबत कैद्यांशी सतत तडजोड करावी लागणारी, पहाऱ्यासाठी कैद्यांवरच विसंबणारी अशी ती व्यवस्था होती. आनंद यांग, सतद्रु सेन, राधिका सिंघा यांच्या अभ्यासांनी हे चित्र अधिक भरीव केले.

अँडरसन यांचा प्रवेश या चर्चेत थोड्या निराळ्या दाराने झाला. एडिंबरो विद्यापीठातील पीएच.डी.साठी त्यांनी निवडलेला विषय तुरुंगाच्या भिंतींचा नव्हता, समुद्राचा होता. भिंतीआडच्या कैद्याऐवजी जहाजावरचा कैदी त्यांनी समोर ठेवला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निवडीने त्यांच्या पुढील सर्व लेखनाची दिशा ठरविली. भिंत हा केंद्रबिंदू मानला की शिस्त, सुधारणा, एकांत हे प्रश्न पुढे येतात. जहाज केंद्रस्थानी आले की श्रम, स्थलांतर आणि साम्राज्य हे प्रश्न पुढे येतात.

मॉरिशसचे रस्ते

'कन्व्हिक्ट्स इन द इंडियन ओशन' (२०००) हा त्यांचा पहिला ग्रंथ. ब्रिटिशांनी १८१० साली मॉरिशस फ्रेंचांकडून जिंकून घेतले. त्यापूर्वीच, १८०७ मध्ये, ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती. नव्या वसाहतीला रस्ते, पूल, बंदराची कामे यांसाठी माणसे हवी होती आणि गुलाम आणता येत नव्हते. गव्हर्नर रॉबर्ट फार्कार यांनी कंपनी सरकारकडे कैद्यांची मागणी केली. १८१५ पासून बंगालमधून आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही कैदी मॉरिशसला जाऊ लागले. १८३७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे दीड हजार झाली. स्त्रिया त्यांत अगदी मोजक्या होत्या. १८५३ साली ही बंदिवसाहत बंद करण्यात आली.

दीड हजार ही संख्या ऑस्ट्रेलियाला पाठविलेल्या दीड लाखाहून अधिक ब्रिटिश व आयरिश कैद्यांपुढे नगण्य वाटेल. परंतु अँडरसन यांच्या मांडणीचे मर्म संख्येत नसून काळात आहे. मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली ती १८३५ मध्ये आणि करारबद्ध भारतीय मजुरांची आवक सुरू झाली ती १८३४ मध्ये. म्हणजे गुलाम जाण्यापूर्वी आणि गिरमिटिया येण्यापूर्वी, या दोहोंच्या सांध्यावर, भारतीय कैदी बेटावर दगड फोडीत होता. ऊस मळ्यांवर पिकत असे. पण तो बंदरापर्यंत पोहोचे तो कैद्यांनी बांधलेल्या रस्त्यांवरून. भारतीय माणूस दूरच्या बेटावर राबू शकतो, त्याला हलविता येते, त्याचा हिशेब ठेवता येतो, हा अनुभव सत्तेच्या गाठीशी आधीच जमा झालेला होता. गिरमिटप्रथेच्या इतिहासाला मिळालेली ही पूर्वपीठिका हे या ग्रंथाचे निर्विवाद योगदान होय. मराठी वाचकाला त्यात आणखी एक जवळचा धागा सापडेल. कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मॉरिशसवासी मराठी समाजाच्या स्मृतीत गिरमिटाचा प्रवास जपला गेला. त्याआधी त्याच मुंबई बंदरातून बेड्या घालून गेलेल्यांची स्मृती मात्र कोणी जपली नाही. जपावी असे ती कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते.

१८३६ साली 'बीगल' जहाजावरून परतीच्या वाटेवर असलेला चार्ल्स डार्विन मॉरिशसला उतरला. तेथील भारतीय कैदी पाहून तो चकित झाला. त्यांची उमदी चेहरेपट्टी, त्यांचे शांत वर्तन यांची त्याने आपल्या प्रवासवृत्तात आवर्जून नोंद केली. त्यांतील बहुतेकांना खुनासारख्या गुन्ह्यांसाठी जन्मभर हद्दपार केले आहे, आणि काहींचा गुन्हा म्हणजे इंग्रजी कायदा न मानणे एवढाच आहे, असेही त्याने नमूद केले. ही नोंद फार बोलकी आहे. गुन्हा आणि माणूस यांचा मेळ डार्विनला बसविता आला नाही. पुढे दिसून येईल की हा मेळ अँडरसन यांनाही सहजी बसविता आलेला नाही.

कपाळावरचे अक्षर

२००४ साली प्रसिद्ध झालेला 'लेजिबल बॉडीज' हा अँडरसन यांचा सर्वांत मौलिक ग्रंथ म्हणावा लागेल. 'वाचता येणारी शरीरे' हे त्याचे शीर्षकच त्याचे सूत्र आहे. बंगालमध्ये १७९७ च्या विनियमाने जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा देशी भाषेत गोंदण्याची तरतूद झाली. या शिक्षेला सरकारी कागदपत्रांत 'गोदना' असेच नाव आहे. १८४९ साली ती रद्द करण्यात आली. महाराष्ट्रातील स्त्रीच्या कपाळावरचे, हनुवटीवरचे, हातावरचे गोंदण हे सौभाग्याचे व ओळखीचे लेणे. मेल्यावरही सोबत येणारी एकच वस्तू अशी त्याविषयीची भावना. शोभेसाठी व श्रद्धेसाठी केल्या जाणाऱ्या त्याच कृतीतून, तिच्याच नावाने, सत्तेने कलंकाची खूण तयार केली. ही उलथापालथ अँडरसन ज्या बारकाईने उलगडतात ती मुळातून वाचण्याजोगी आहे.

त्यांचे वैशिष्ट्य असे की त्या शिक्षेच्या वर्णनावर थांबत नाहीत. खूण केली म्हणजे ती वाचली गेलीच असे नव्हे, हा त्यांचा खरा मुद्दा आहे. कैदी पागोटे कपाळावर ओढून घेत, केस वाढवीत, अक्षर पुसट करण्याचे उपाय करीत. मॉरिशस किंवा मलायाच्या किनाऱ्यावर बंगाली वा फार्सी लिपी वाचणारा अधिकारी असेलच याची शाश्वती नसे. म्हणजे सत्तेने शरीरावर लिहिले, पण ते वाचण्यासाठी लागणारी साक्षरता सत्तेपाशी नव्हती! गोदना गेला, त्याच्या जागी कैद्याचा पोशाख, गळ्यातील बिल्ला, छायाचित्र, शरीराची मोजमापे आणि अखेर बोटांचे ठसे आले. हुगळी जिल्ह्यात विल्यम हर्शेल यांनी केलेले ठशांचे प्रयोग आणि १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झालेला ठसे-विभाग हा या साखळीतला शेवटचा दुवा. प्रत्येक नवे तंत्र आधीच्या तंत्राच्या अपयशातून जन्मले, हे अँडरसन दाखवितात. फूको यांच्या मांडणीत सत्तेची नजर जवळजवळ अचूक असते. अँडरसन यांच्या वसाहतीत ती सतत चुकते, म्हणूनच ती सतत नवी साधने शोधते. फूको यांना नाकारण्यापेक्षा त्यांना असे वाकविणे अधिक कठीण होते आणि ते त्यांनी साधले आहे.

सावरकरांच्या छातीवरील बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष १९६० असे कोरलेले होते, हे मराठी वाचकाला पाठ आहे. त्या बिल्ल्याकडे आजवर एका महापुरुषाच्या यातनेची खूण म्हणून पाहिले गेले, आणि ते स्वाभाविक आहे. 'लेजिबल बॉडीज' वाचल्यानंतर तोच बिल्ला कपाळावरच्या अक्षरापासून निघालेल्या एका दीर्घ प्रक्रियेचा भाग म्हणून दिसू लागतो. ज्यांची नावे कोणत्याही आत्मचरित्रात नाहीत अशा हजारोंच्या गळ्यात तो आधीपासून होता.

या ग्रंथाचे एक टोक मात्र मराठीतच अधिक ठळक दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीऐवजी संपूर्ण जातच 'वाचनीय' ठरविली. अँडरसन यांची साधने येथे सरकारी अहवाल व मानववंशशास्त्रीय पाहण्या ही आहेत. वाचले गेलेल्यांच्या बाजूने तोच इतिहास कसा दिसतो याची साक्ष लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांत आहे. जमातींवरील हा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेला. पोलिसांच्या मनातून तो पुसला गेला नाही, हे या ग्रंथांच्या पानापानांवर आहे. इंग्रजी दप्तरातून वर येणारा अँडरसन यांचा इतिहास आणि पालांतून वर येणारी ही आत्मकथने यांना समोरासमोर ठेवून वाचण्याचे काम व्हावयास हवे. मराठी तुरुंगवाङ्मयातील रिकामी जागा राजकीय बंद्यांनी नव्हे, तर या लेखकांनी भरून काढली आहे, हे तेव्हा ध्यानात येईल.

सत्तावन्नचे तुरुंग

१८५७ च्या उठावाला दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, २००७ साली, त्या उठावातील तुरुंगांवरचा अँडरसन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मीरतमध्ये १० मे रोजी बंडवाल्यांनी प्रथम सोडविले ते तुरुंगात टाकलेले आपले पंच्याऐंशी सहकारी घोडेस्वार, हे सर्वज्ञात आहे. पुढील महिन्यांत उत्तर भारतात चाळीसच्या आसपास तुरुंग फोडले गेले आणि वीस हजारांहून अधिक कैदी बाहेर पडले. राष्ट्रीय इतिहासात ही घटना येते ती ओझरती; इंग्रज इतिहासकारांनी ती बदमाशांची लूट म्हणून निकालात काढली. अँडरसन विचारतात की तुरुंगच का? उत्तरासाठी त्या मागे जातात. १८४० च्या दशकात अनेक तुरुंगांत सर्वांसाठी एकत्र स्वयंपाकाची सक्ती झाली. १८५५ साली आरा व मुजफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्याचा प्रयत्न झाला आणि तेथे मोठा दंगा उसळला. गावकरीही कैद्यांच्या बाजूने उभे राहिले. काडतुसांच्या आधी लोटा होता. तुरुंग ही सरकार धर्म बुडविते याची सर्वांना दिसणारी जागा बनली होती, आणि म्हणून ती बंडवाल्यांच्या रोषाची जागा झाली.

या युक्तिवादात बळ आहे. तथापि त्याला एक मर्यादाही आहे. बाहेर पडलेल्या हजारो कैद्यांपैकी कोण बंडात सामील झाले, कोण घरी गेले, कोण जुन्या मार्गाला लागले, हे कागदपत्रांवरून फारच तुटक कळते. तुरुंग फोडणाऱ्यांचा हेतू ग्रंथात स्पष्ट होतो; सुटलेल्यांचा तितकासा होत नाही. कैदी येथेही दुसऱ्यांच्या कृतीचे निमित्त होऊन राहतो. ग्रंथाचा अखेरचा भाग मात्र अंदमानच्या उगमावर नेमका प्रकाश टाकतो. मोडकळीस आलेले तुरुंग आणि शिक्षा झालेल्या बंडवाल्यांची गर्दी या निकडीतून ती वसाहत जन्मली. बंगालच्या तुरुंगांचे प्रमुख फ्रेडरिक मॉअट यांच्या समितीने बेटांची पाहणी केली आणि मार्च १८५८ मध्ये जे. पी. वॉकर दोनशे कैद्यांसह तेथे उतरले. वॉकर पूर्वी आग्र्याच्या तुरुंगाचे प्रमुख होते. पळून जाऊन पुन्हा हाती लागलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच फाशी दिले. अंदमान म्हणजे सेल्युलर जेल हे समीकरण मराठी मनात दृढ आहे. ते कारागृह पूर्ण झाले १९०६ साली. वसाहत त्याआधी जवळजवळ अर्धे शतक चालू होती. तिच्या संपूर्ण आयुष्यात तेथे पाठविलेल्या सुमारे ऐंशी हजार कैद्यांतील बहुसंख्य भिंतीआड नव्हते. ते जंगल तोडीत होते, दलदली बुजवीत होते आणि काही वर्षांनंतर 'सेल्फ-सपोर्टर' म्हणून शेती करून संसार थाटीत होते. त्यांच्या संततीला 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखले जाऊ लागले. निरनिराळ्या जातींच्या व प्रांतांच्या कैदी स्त्री-पुरुषांच्या विवाहांतून निर्माण झालेला हा समाज काळ्या पाण्याच्या आपल्या कल्पनेत कोठेच बसत नाही. मधुमिता मजुमदार व विश्वजित पंड्या यांच्यासमवेत लिहिलेल्या 'न्यू हिस्टरीज ऑफ द अंदमान आयलंड्स' (२०१६) मध्ये या समाजाला, आदिवासींना आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना एका चौकटीत आणण्याचा प्रयत्न आहे. सहलेखनाची सांधेजोड त्यात अधूनमधून दिसते.

चरित्राची वाट

'सबाल्टर्न लाइव्ह्ज' (२०१२) हे अँडरसन यांच्या पद्धतीचे शिखर आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ साली विचारलेला प्रश्न, वंचिताला बोलता येते काय, या ग्रंथामागे उभा आहे. अँडरसन त्या प्रश्नाला तात्त्विक उत्तर देत नाहीत. त्या काही माणसे निवडतात आणि तीन-चार देशांच्या दप्तरखान्यांत विखुरलेले त्यांचे तुकडे एकत्र करतात. मॉरिशसमधील दुल्ला नावाचा कैदी. पंजाब खालसा झाल्यावर शिक्षा होऊन ब्रह्मदेशात गेलेला आणि पुढे मोलमीन येथे त्याच सरकारच्या पोलीस खात्यात नोकरी करणारा नारायण सिंग. अलाहाबादच्या उठावाचे नेते मौलवी लियाकत अली. लियाकत अली चौदा वर्षे सरकारला हुलकावणी देत राहिले आणि १८७१ साली पकडले गेले ते मुंबईत. त्यांच्या खटल्यात कानपूरच्या कत्तलीतून वाचलेल्या अमेलिया बेनेट या स्त्रीची साक्ष महत्त्वाची ठरली. मौलवींनी आपला जीव वाचविला असे तिचे सांगणे होते. एकाच प्रकरणात बंडखोर आणि त्याने वाचविलेली शत्रुपक्षाची स्त्री यांची चरित्रे गुंफून अँडरसन यांनी १८५७ च्या दोन परस्परविरोधी आख्यानांना एकमेकांसमोर बसविले आहे. हे प्रकरण इतिहासलेखन म्हणून उत्तम आहेच. माणसे समजून घेण्याचा नमुना म्हणूनही ते वाचावे.

नारायण सिंगाचे चरित्र अधिक अस्वस्थ करणारे आहे. राजबंदी ते पोलीस हा प्रवास शरणागती मानावा की चातुर्य, याचा निवाडा लेखिका देत नाहीत. राष्ट्रवादी इतिहासाला असा माणूस गैरसोयीचा असतो, कारण तो हुतात्म्यांच्या यादीत बसत नाही आणि फितुरांच्याही नाही. 'माझी जन्मठेप'मध्ये कैद्यांतूनच नेमलेल्या वॉर्डर व पेटी ऑफिसर यांचे जे चित्र आहे ते प्रायः क्रौर्याचे आहे, आणि ज्यांनी ते सोसले त्यांच्याकडून दुसरे चित्र अपेक्षिणे अन्यायाचे होईल. तथापि ती व्यवस्था शिक्षेत सूट व अधिकाराची पट्टी देऊन कैद्याला कैद्यावर बसवीत होती. अशा माणसाच्या बाजूने तिच्याकडे पाहण्याची सोय अँडरसन यांच्या पद्धतीने झाली आहे. राजकीय आणि सामान्य कैदी यांतील रेषा तरी कितपत स्पष्ट होती? १८७२ साली पोर्ट ब्लेअर येथे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांची हत्या करणारा शेर अली हा कागदोपत्री खुनाचा सामान्य कैदी होता.

परंतु चरित्राच्या या वाटेवर दोन अडचणी आहेत. पहिली अशी की दप्तरात ठसा उमटतो तो पळणाऱ्याचा, अर्ज करणाऱ्याचा, बंड करणाऱ्याचा. १८५४ मध्ये 'क्लॅरिसा' जहाज ताब्यात घेणाऱ्या कैद्यांचा वृत्तांत साक्षींसह उपलब्ध आहे. मुकाट्याने खाली बसून राहिलेल्यांचा नाही. अँडरसन यांच्या लेखनात कैदी सतत काहीतरी करीत असतो. जो वीस वर्षे दगड फोडून मेला आणि ज्याच्याविषयी रकान्यात केवळ एक क्रमांक व मृत्यूची तारीख उरली, तो त्यांच्याही हातून निसटतो. दुसरी अडचण 'सबाल्टर्न' या संज्ञेची. अमेलिया बेनेट व लियाकत अली यांच्यासारखी विषम स्थानांवरील माणसे एकाच संज्ञेखाली आणल्यावर ती संज्ञा स्थितीपेक्षा प्रसंगाची निदर्शक ठरते. लेखिकेला तेच अभिप्रेत आहे. वंचितपणा हा नात्यांतून घडतो असे त्या मानतात. तरीही रणजित गुहा यांच्या परंपरेत ज्या शब्दाला धार होती ती येथे बोथट झाली आहे, हे नोंदविले पाहिजे.

भाषेचा प्रश्न यालाच जोडून येतो. अँडरसन यांची साधने प्रामुख्याने इंग्रजी आहेत. कैद्याचा जबाब त्याने हिंदुस्थानीत, मराठीत वा बंगालीत दिला. कारकुनाने तो इंग्रजीत उतरविला. इतिहासकार तो उतारा वाचते. मधल्या भाषांतरात काय गळले याची जाणीव त्यांना आहे, परंतु त्या गळतीचा शोध त्यांच्या पद्धतीचा भाग होत नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात मोडी दप्तराचा प्रचंड संग्रह आहे. मुंबई इलाख्यातील कैद्यांचा इतिहास त्या लिपीला टाळून पुरा होणे कठीण आहे आणि हे काम लेस्टरहून होण्यापेक्षा येथून होणे अधिक रास्त.

जागतिक इतिहासाकडे

युरोपीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २०१३ ते २०१८ या काळात अँडरसन यांनी 'कार्सेरल आर्किपेलागो' हा मोठा प्रकल्प चालविला. त्यातून संपादित 'अ ग्लोबल हिस्टरी ऑफ कन्व्हिक्ट्स अँड पीनल कॉलनीज' (२०१८) आणि स्वतः लिहिलेला 'कन्व्हिक्ट्स : अ ग्लोबल हिस्टरी' (२०२२) हे ग्रंथ आले. पोर्तुगिजांनी १४१५ साली स्यूटा जिंकताना वापरलेल्या कैद्यांपासून विसाव्या शतकातील फ्रेंच गयानापर्यंतचा हा पट आहे. कैदी हे साम्राज्यांच्या विस्ताराचे एक प्रमुख साधन होते, शिक्षा ही बहुधा मनुष्यबळ हलविण्याची सबब होती, हा सिद्धान्त त्यात निर्णायकपणे प्रस्थापित होतो. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल भारतीय कैद्यांनी बांधले, यासारख्या तपशिलांना त्यात आपोआप अर्थ प्राप्त होतो. मात्र शतके आणि खंड ओलांडण्याच्या वेगात 'सबाल्टर्न लाइव्ह्ज'मधील माणसे पुन्हा आकडे होतात. हा दोष लेखिकेच्या दुर्लक्षाचा नसून प्रकाराचाच आहे, असे म्हणता येईल. पण वाचकाला हानी जाणवते ती जाणवतेच.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. कैदी हा स्थलांतरित मजूर, कैदी हा साम्राज्याचा बांधकामगार, कैदी हा प्रतिकार करणारा, अशा त्याच्या अनेक ओळखी अँडरसन यांनी उभ्या केल्या. या सर्वांत त्याचा गुन्हा हळूहळू अदृश्य होत गेला. वसाहतीच्या कायद्याने अनेकांना अन्यायाने गुन्हेगार ठरविले हे खरे. संथाळ उठावातील शेतकऱ्याला दरोडेखोर म्हणणारा कायदा इतिहासकाराने मान्य करण्याचे कारण नाही. पण बेटावर पोहोचलेल्या प्रत्येकाचा गुन्हा कायद्याने कल्पिलेला नव्हता. कोणी बायकोला मारले होते, कोणी दागिन्यांसाठी मूल मारले होते. त्या मारल्या गेलेल्यांचेही दप्तर असते, आणि त्यांचा आवाज कैद्याच्या आवाजापेक्षा अधिक क्षीण असतो. राबणाऱ्या कैद्याला न्याय देताना हा दुसरा मूक पक्ष अँडरसन यांच्या इतिहासातून बाहेर राहिला आहे. डार्विनला बंदराच्या रस्त्यावर पडलेला पेच त्यांनी सोडविला नाही. श्रमाचा प्रश्न पुढे आणून तो बाजूला ठेवला.

अलीकडच्या वर्षांत त्यांचे काम पुन्हा एका छोट्या भूभागावर येऊन स्थिरावले आहे. गयाना विद्यापीठातील अभ्यासकांसह त्यांनी १८२५ पासून आजपर्यंतच्या तेथील तुरुंगांतील मानसिक आजार व व्यसनाधीनता यांचा अभ्यास हाती घेतला. जॉर्जटाउनच्या कॅम्प स्ट्रीट तुरुंगात मार्च २०१६ मध्ये आग लागून सतरा कैदी मरण पावले आणि पुढच्याच वर्षी त्या तुरुंगाचा मोठा भाग जळून गेला. वसाहतकालीन इमारती, वसाहतकालीन नियम आणि आजची गर्दी यांचा संबंध तेथे सिद्ध करावा लागत नाही, तो डोळ्यांसमोर असतो. या अभ्यासात इतिहासकाराबरोबर समाजशास्त्रज्ञ आहेत आणि तुरुंगाचे आजचे अधिकारीही संवादात आहेत. दप्तरातील कैद्याशी बोलता येत नाही, ही सबब येथे चालत नाही. कोठडीतला माणूस हयात आहे आणि त्याला विचारता येते.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलला १९७९ साली राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तेथील संगमरवरी फलकांवर प्रांतवार नावे कोरलेली आहेत. मुंबई इलाख्याच्या फलकापुढे मराठी पर्यटक आवर्जून थांबतो. ती सर्व नावे राजकीय बंद्यांची आहेत.